क्यूआर कोडवरचा मेन्यू आणि ताटातले मीठ

हॉटेलात जाऊन बसले की पूर्वी आधी पाण्याचे ग्लास यायचे आणि मागोमाग मेन्यूकार्ड. आता धरमपेठेत, सदरमध्ये, वर्धा रोडवर टेबलाच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनाचे एक स्टिकर असते. मोबाईल काढायचा, कॅमेरा त्यावर धरायचा आणि पदार्थांची यादी स्क्रीनवर उघडायची. कार्ड मागितले तर वेटर नम्रपणे म्हणतो, "भाऊ, स्कॅन करून घ्या ना." काही ठिकाणी कार्ड अजून आहे, पण ते काउंटरमागून शोधून आणावे लागते. काही ठिकाणी छापणेच बंद झाले आहे.

आरोग्याच्या सदरात या चौकोनाचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण तो आपल्या टेबलावर आला तोच आरोग्याचे नाव सांगून. ज्या कारणासाठी तो आला ते कारण आज उरले आहे का, आणि पथ्य पाळणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो की अडचण, हे डॉक्टरच्या नजरेने एकदा पाहायला हवे.

चौकोन टेबलावर आला कसा

४ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने टाळेबंदीनंतर उघडणाऱ्या उपाहारगृहांसाठी कार्यपद्धती जाहीर केली. मेन्यूकार्ड एकदा वापरून टाकण्याजोगे असावे, कापडी नॅपकिनऐवजी कागदी द्यावा, ऑर्डर आणि पैसे शक्यतो स्पर्शाविना घ्यावेत, अशा सूचना त्यात होत्या. महाराष्ट्रात बसून जेवायची परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबर २०२० पासून, तीही निम्म्या क्षमतेने. आधीच गल्ला रिकामा. त्यात रोज शेकडो कार्डे छापून फेकणे कोणाला परवडणार होते? यूपीआयमुळे स्कॅन करायची सवय लोकांच्या हाताला आधीच लागली होती. तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही पैसे असेच दिले जात होते. तेव्हा मेन्यूही त्याच वाटेने गेला.

त्या वेळच्या माहितीवर हा निर्णय बरोबरच होता. मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत जिवंत सापडला होता. लॅमिनेशन केलेले मेन्यूकार्ड म्हणजे प्लास्टिकच. आम्ही वॉर्डातल्या फायली पुसत होतो, तुम्ही घरी भाजी धुऊन वाळवत होता, दुधाच्या पिशवीला साबण लावत होता.

पण प्रयोगशाळेत विषाणू ज्या प्रमाणात पृष्ठभागावर टाकले जातात, तितके खोकणाऱ्या माणसाच्या हातून कार्डावर येत नाहीत. ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये जुलै २०२० मध्येच इमॅन्युएल गोल्डमन यांनी हा मुद्दा मांडला होता. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशेब दिला, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी आहे. याउलट हॉटेलातल्या हवेचा पुरावा साथीच्या अगदी सुरुवातीलाच हाती आला होता. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवत होती. खिडक्या नव्हत्या, एअर कंडिशनरचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता. त्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाला. त्याच मजल्यावर जेवणाऱ्या इतर ७३ जणांपैकी कोणालाही झाला नाही आणि वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही नाही. कार्डापेक्षा झोताची दिशा महत्त्वाची ठरली.

आता गंमत पाहा. साथ संपल्यावर कार्ड गेले ते गेलेच. हवा खेळती ठेवण्याचा धडा मात्र कोणी घेतला नाही. एसी हॉलच्या खिडक्या आजही पक्क्या बंद असतात.

हॉटेलातून पोटात जाणारे जे आजार आम्ही प्रत्यक्षात पाहतो, ते म्हणजे विषमज्वर, हिपॅटायटिस ए आणि ई, जुलाब. त्यांचा रस्ता पाण्यातून आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांतून जातो, कार्डावरून सहसा नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या नियमांत, परिशिष्ट ४ मध्ये, अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आतड्यांच्या तापाविरुद्ध लसीकरण करायला सांगितले आहे. तुमच्या नेहमीच्या हॉटेलच्या मालकाला हे विचारून पाहा. मेन्यू कार्डावर आहे की मोबाईलवर, यापेक्षा या उत्तरातून तिथल्या स्वच्छतेचा अंदाज चांगला येईल.

आणि ज्या मोबाईलने आपण स्कॅन करतो तो तरी कुठे धुतलेला असतो? तो बसमध्ये, बाजारात, शौचालयात आपल्याबरोबर असतो. आपल्याकडे जेवण हाताने. आधी हात धुऊन टेबलावर बसायचे, मग पाच मिनिटे मोबाईलवर मेन्यू खालीवर सरकवायचा आणि त्याच बोटांनी पोळी मोडायची, हा क्रम उलटा आहे. ऑर्डर देऊन झाली की मोबाईल खिशात टाका आणि तेव्हा उठून साबणाने हात धुवा. सॅनिटायझरच्या थेंबावर समाधान मानू नका. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर त्याचा परिणाम कमी पडतो, साबण-पाणी चांगले.

मग क्यूआर मेन्यू राहिला कशासाठी? दर बदलला तर छपाई नको, संपलेला पदार्थ यादीतून लगेच काढता येतो, माणसे कमी लागतात. मालकाच्या बाजूने ही सगळी रास्त कारणे आहेत आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. फक्त त्याला स्वच्छतेचे नाव देणे आता पुरे झाले.

चौकोनात मेन्यू नसतोच

हा कोड १९९४ सालचा आहे. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने आपल्या लहानशा गटासह तो तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. जुन्या बारकोडात वीसेक अक्षरे मावत. एकाच खोक्यावर कामगाराला अनेक बारकोड वाचावे लागत. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा ‘गो’ हा पटावरचा खेळ हारा यांच्या आवडीचा. माहिती आडवी-उभी दोन्ही दिशांनी मांडायची कल्पना त्यावरून सुचली. कॅमेऱ्याला हा चौकोन गर्दीतून कसा सापडतो? तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांच्यावरून कुठल्याही दिशेने रेघ ओढली तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील पत्रके, मासिके, खोकी तपासून हे प्रमाण इतरत्र सहसा आढळत नाही अशी खात्री त्यांच्या गटाने करून घेतली आणि मगच ते निवडले. कंपनीने पेटंट घेतले, पण इतरांना वापर मोकळा ठेवला. आज तुम्ही-आम्ही फुकट स्कॅन करतो ते त्यामुळे.

चौकोनावर रश्श्याचा थेंब पडला, कोपरा खरवडला तरी तो बहुधा वाचता येतो. कारण त्यात मूळ माहितीबरोबर तपासणीचे जादा आकडे गुंफलेले असतात. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून पूर्ण मजकूर पुन्हा जुळवता येतो. संगीताच्या सीडीवर ओरखडा पडला तरी गाणे चालू राहते, त्यामागचे गणित याच जातीचे.

आपल्या विषयासाठी यातली महत्त्वाची गोष्ट ही, की हॉटेलातल्या कोडात मेन्यू भरलेला नसतो. त्यात फक्त एक पत्ता असतो. मेन्यू त्या पत्त्यावरच्या पानावर असतो आणि त्या पानाला जागेची मर्यादा नाही. छापील कार्डावर ‘पनीर बटर मसाला’ एवढेच मावते. मोबाईलच्या पानावर त्याखाली काय-काय घातले आहे, मीठ किती, तेल किती, काजू आहे की नाही, हे सगळे लिहिता येते. ही सोय पाच-सहा वर्षे आपल्या टेबलावर पडून आहे. आपण तिच्यात भरले काय, तर पदार्थांचे चकचकीत फोटो. अनेक ठिकाणी तेही नाही. जुन्या कार्डाचाच फोटो काढून चढवलेला असतो आणि तो दोन बोटांनी मोठा करत, इकडून तिकडे सरकवत वाचावा लागतो.

मोबाईल कोणाच्या हातात आहे

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. साठीत बाहुली आकसते, भिंग पिवळसर होते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोहोचतो. मोतीबिंदू असेल तर चमकत्या स्क्रीनभोवती वलय दिसते. मधुमेह्याची साखर वर-खाली होत असेल तर नजर दिवसादिवसाला बदलते. त्यात हॉटेलातला मंद पिवळा उजेड. अशा डोळ्यांना कसे वाचायचे ते विचारा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मंद उजेडात मोबाईलचे अक्षर कागदापेक्षा चांगले दिसू शकते. ते स्वतः उजळलेले असते आणि हवे तेवढे मोठे करता येते. दृष्टिहीन व्यक्तीला तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे मोबाईल ही मोठीच सोय आहे. पाकिटबंद खाद्यपदार्थांवर दृष्टिहीनांसाठी क्यूआर कोड द्यावा, अशी शिफारस भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑक्टोबर २०२३ मध्ये केली ती याच विचाराने. पण त्यासाठी पानावर खरा मजकूर लागतो. कार्डाचा फोटो असेल तर वाचून दाखवणारी प्रणाली मुकी होते.

डोळ्यांपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो टेबलावरचा क्रम. आजी-आजोबा, मुलगा-सून, नातू असे पाच जण रविवारी जेवायला गेले. कोड स्कॅन करतो नातू. दोन-चार पदार्थ वाचून दाखवतो, त्यालाही कंटाळा येतो. आजी म्हणतात, "मागव रे बाळा, तुला आवडेल ते. मी त्यातलंच घेईन थोडं." पूर्वी कार्ड हातात आले की त्या निदान दोन पाने उलटायच्या, ‘साधं वरण आहे का हो?’ असे वेटरला विचारायच्या. आता टेबलावरच्या ज्या माणसाला पथ्य सर्वांत जास्त, त्याच्याच हातून निवड सुटते.

सोमवारच्या ओपीडीत हे नेहमी दिसते. हृदय कमजोर असलेला रुग्ण पायांवर सूज आणि धाप घेऊन येतो. गोळ्या वेळेवर घेतल्या, पाणी मोजून प्यायले. मग काय खाल्ले? "पोरानं मागवलं ते खाल्लं साहेब, मला काय माहीत त्यात काय होतं." आम्ही आहाराचा कागद देतो, त्यावर ‘मीठ कमी’ असे ठळक लिहितो. तो कागद असे धरून चालतो, की रुग्ण स्वतःचे ताट स्वतः ठरवतो. हॉटेलच्या टेबलावर तसे होत नाही.

तिखट सोडले, मीठ तसेच

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवली आहे. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, तोही दिवसभराचा, सगळ्या पदार्थांत मिळून. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. याचा अर्थ भरलेल्या हॉटेलात साधारण दर तिसरा प्रौढ माणूस मिठाचा हिशेब ठेवायला हवा असा आहे, आणि त्या हिशेबासाठी लागणारा आकडा त्याला कोणी देत नाही.

विदर्भात आणखी एक गैरसमज आहे. सावजी रस्सा खाणारा रुग्ण मोठ्या अभिमानाने सांगतो, "डॉक्टर, तिखट पूर्ण बंद केलं." तिखटाने पोटात जळजळ होईल, मूळव्याध चिडेल, रक्तदाब वाढवण्याचे काम मीठ करते. तर्री, लोणचे, पापड, मसाला ताक, दारूबरोबरचे खारे शेंगदाणे यांत ते गुपचूप बसलेले असते. जिभेला तिखट कळते. मीठ मात्र तिखटाआड लपते, म्हणूनच ते लिहून मिळायला हवे.

मिठावर हे थांबत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला पोटॅशियम जपावे लागते. टोमॅटोची दाट ग्रेव्ही आणि नारळपाणी, दोन्ही त्याला धोक्याचे. सिलिअ‍ॅक आजारात गहू वर्ज्य. असा रुग्ण पोळी सोडून भात मागवतो आणि निश्चिंत होतो. पण वरणाच्या फोडणीतले बांधणीचे हिंग बहुधा गव्हाच्या पिठात मिसळलेले असते, हे वेटरलाही ठाऊक नसते. रस्सा दाट करायला कुठे शेंगदाणा वाटतात, कुठे काजू, कुठे खोबरे, कुठे भाजलेले पीठ. नावावरून कळायला मार्ग नाही.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत तर हा जिवाचा प्रश्न होतो. ओवेन कॅरी हा तरुण एप्रिल २०१७ मध्ये लंडनमध्ये आपला अठरावा वाढदिवस साजरा करायला हॉटेलात गेला होता. त्याला दुधाची अ‍ॅलर्जी होती आणि ती त्याने कर्मचाऱ्यांना सांगितली होती, असे चौकशीत नोंदले गेले. त्याने मागवलेले चिकन ताकात मुरवलेले होते. मेन्यूवर ताकाचा उल्लेख नव्हता. त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. अ‍ॅलर्जीची माहिती मेन्यूवरच छापावी, यासाठी त्याच्या कुटुंबाने मोहीम चालवली. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने मार्च २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे, की ही माहिती लेखी असावी आणि शिवाय ग्राहकाशी त्याबद्दल बोलले जावे. दही-ताकात मांस मुरवणे आपल्या स्वयंपाकात किती सर्रास आहे, हे मी सांगायला नको.

नियम आहे, पण कोणासाठी

आपल्याकडे नियमच नाही असे नाही. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शन नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेन्यूकार्डावर किंवा फलकावर प्रत्येक पदार्थापुढे एका वाढपातल्या कॅलरी लिहायच्या आहेत आणि अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या घटकांची माहिती द्यायची आहे. ‘सरासरी सक्रिय प्रौढाला दिवसाला २,००० किलोकॅलरी लागतात’ असे वाक्यही ठळक दिसले पाहिजे. नियम २०२२ पासून लागू आहे. मॉलमधल्या साखळी हॉटेलांत तुम्ही हे आकडे पाहिले असतील. आपल्या गल्लीतले एका शाखेचे हॉटेल, भोजनालय, सावजी खानावळ यातून बाहेर आहे आणि नागपूरकर बाहेर जेवतो ते बहुतेक अशाच ठिकाणी.

नुसत्या कॅलरी लिहून लोक कमी खातात का? यावर उत्साह आवरता घ्यावा लागेल. पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये अंदाज दिला होता, की ६०० कॅलरींच्या जेवणात ४७ कॅलरी कमी होतात. जानेवारी २०२५ मध्ये अधिक अभ्यास जमेस धरून तोच आकडा ११ कॅलरींवर आला, म्हणजे १.८ टक्के. अर्ध्या बिस्किटाइतकाही नाही. पण हा सरसकट सगळ्या ग्राहकांचा सरासरी आकडा आहे. शेंगदाण्याने घसा सुजणाऱ्या मुलीच्या आईला सरासरीशी काही घेणे नाही. तिला फक्त ‘यात शेंगदाणा आहे का’ याचे उत्तर हवे. सूज आलेल्या हृदयरोग्यालाही तसेच. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये साखळी हॉटेलांना सांगितले, की ज्या एका पदार्थात २,३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सोडियम असेल त्यापुढे त्रिकोणात मीठदाणीचे चित्र छापा. आकडेमोड न करता, चष्मा नसतानाही कळते. मला कॅलरींच्या आकड्यांपेक्षा ही मीठदाणी अधिक उपयोगाची वाटते.

नागपुरात या दिशेने एक पाऊल गेल्या वर्षी-दीड वर्षात चर्चेत आले. जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखे इशारे छापणार, अशा बातम्या देशभर झळकल्या आणि त्यात मिहानमधल्या आपल्या एम्सच्या उपाहारगृहाचे नाव आघाडीवर होते. केंद्र सरकारने लगेच खुलासा केला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापायचे नाहीत. कार्यालयांच्या उपाहारगृहांत, बैठकीच्या खोल्यांत छुप्या तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायचे आहेत. बातमी समोशापुरती उरली आणि विनोद फिरले. फलकाची मूळ कल्पना मात्र साधी आणि चांगली आहे. समोसा खा किंवा खाऊ नका, पण त्यात तेल किती ते आधी वाचा.

हेच मेन्यूच्या पानावर का नको? लहान हॉटेलवाल्याला प्रयोगशाळेतून कॅलरी मोजून आणा म्हणणे अन्यायाचे होईल. पण ग्रेव्हीत काजू, शेंगदाणा, दूध, दही, अंडी, गहू, मासे यांपैकी काय पडते हे त्याच्या आचाऱ्याला तोंडपाठ असते. ते पदार्थाखाली एका ओळीत लिहायला एक दुपार लागेल आणि पान मोबाईलवर असल्याने छपाईचा रुपयाही नाही. खारट पदार्थापुढे एक खूण. ‘मीठ-तेल कमी करून मिळेल’ असे ज्या पदार्थांबाबत शक्य आहे तिथे तसे लिहावे. मराठीत लिहावे, हे वेगळे सांगावे लागते हीच पंचाईत. आणि मोठ्या ठळक अक्षरांचे एक छापील कार्ड दर चार टेबलांमागे ठेवावे.

हे अशक्य नाही, असे मी आमच्या कामावरून म्हणतो. सरकारी रुग्णालयांत ‘स्कॅन अँड शेअर’ ही सोय २०२२ पासून सुरू झाली. ओपीडीच्या दाराशी क्यूआर कोड लावलेला असतो. ज्याच्या मोबाईलमध्ये आभा खाते आहे त्याने स्कॅन करायचे, त्याची माहिती खिडकीवर जाते आणि टोकन मिळते. रांग खरोखर लहान होते. पण केसपेपरची खिडकी बंद झालेली नाही. भंडाऱ्याहून, गडचिरोलीहून साध्या फोनसह आलेली आजी तिथे उभी राहते आणि तिचा कागद निघतो.

दोन इशारे थोडक्यात. कोड स्कॅन केल्यावर मेन्यूआधी मोबाईल क्रमांक मागणारे पान उघडले तर देऊ नका, कार्ड मागा. बिल करण्यासाठी क्रमांकाची सक्ती करू नये, असे ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना बजावले आहे. आणि मूळ कोडावर दुसरे स्टिकर चिकटवलेले दिसले तर ते स्कॅन करू नका. मेन्यूच्या पानाने ओटीपी किंवा पिन मागायचे काहीच कारण नसते. एक कोड मात्र जरूर शोधा. अन्न परवान्याबरोबर लावलेल्या कोडावरून ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपमध्ये थेट तक्रार करता येते आणि असा कोड दर्शनी भागात लावण्याचे आदेश २०२५ मध्ये निघाले आहेत.

बदल होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण आहे त्यांनी येत्या रविवारी इतके करावे. स्कॅन नातवाने करावे, पण मोबाईल आधी आजी-आजोबांच्या हातात द्यावा, अक्षर मोठे करून. शिजलेल्या रश्श्यातले मीठ काढता येत नाही, तेव्हा ‘मीठ कमी घाला’ हे तव्यावरच्या किंवा नव्याने होणाऱ्या पदार्थाबाबतच सांगावे. रस्सा हवाच असेल तर वाटीतले फोडीचे घ्यावे, तर्री सोडावी. लोणचे, पापड आणि मसाला ताक त्या दिवशी नको, साधे दही चालेल. मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर दह्याचे आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

अ‍ॅलर्जी असलेल्यांनी वेटरला सांगून थांबू नये. ‘मला शेंगदाणा चालत नाही, जीव धोक्यात येतो’ असे चिठ्ठीवर लिहून ती आचाऱ्यापर्यंत पोहोचवायला सांगावे आणि त्याचे उत्तर परत मागावे. खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी, ओठ किंवा जिभेला सूज, आवाज बसणे, धाप, चक्कर असे काही झाले तर अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन वाट पाहत बसू नये. मांडीत देण्याचे अ‍ॅड्रेनालिन हेच त्यावरचे पहिले औषध आणि ते स्वतः टोचण्याचे पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. १०८ ला फोन करावा किंवा सर्वांत जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात लगेच न्यावे. चक्कर येत असेल तर रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत, धाप असेल तर बसू द्यावे, पण चालवत नेऊ नये. काय खाल्ले ते डॉक्टरांना दाखवायला मेन्यूच्या पानाचा फोटो काढून ठेवावा.